आतडं कापल्यावर उरलेलं "वाढतं" म्हणतात ते हार्मोनमुळे का? आणि तोंडाने खायला एवढं का लावतात?

चाफा_सोलापूर

नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे, डायबेटिस जुना. दिवाळीनंतर एका रात्री पोटात इतकी भयंकर कळ आली की घरच्या घरी काही सुचेना, सीटी केल्यावर कळलं की आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीत गुठळी अडकलीये. पुण्याला नेऊन ऑपरेशन होईपर्यंत लहान आतड्याचा बराच भाग काळा पडला होता, तो काढून टाकावा लागला, मोठ्याचाही थोडा गेला. आता सगळं पोषण शिरेतून चालू आहे, टीपीएन म्हणतात ते. वजन खूप उतरलंय पण शुद्धीत आहेत, बोलतात, पेपर मागतात.

सर्जन राउंडला आले की एकच सांगतात, "उरलेलं आतडं हळूहळू वाढेल, जुळवून घेईल, पण तोंडाने थोडं थोडं खायला द्या." मला हे झेपतच नाहीये. खाल्लं की दोन तासात जुलाब होऊन सगळं बाहेर पडतं, मग देऊन उपयोग काय? शिरेतून सगळं मिळतंय ना? आणि वाढेल म्हणजे काय, लांब होईल का? नर्स म्हणाल्या की खाल्ल्यावर हार्मोन तयार होतात आणि त्यांनी आतड्याच्या पेशी वाढतात. पोटात हार्मोन हे मी पहिल्यांदाच ऐकतेय, मला वाटायचं हार्मोन म्हणजे थायरॉइड, इन्सुलिन वगैरे. शिवाय बाबांना ॲसिडिटी कधीच नव्हती तरी पॅन्टोप्राझोल दिवसातून दोनदा शिरेतून देतायत, ते का? डॉक्टरांना विचारलं तर ते घाईत असतात, दोन वाक्यं बोलून पुढच्या बेडला जातात. कोणाला माहीत असेल तर साध्या भाषेत सांगाल का प्लीज.

आंतरस्राव

चाफा, आधी बाबांना लवकर बरं वाटू दे. मी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते, पेशंट बघत नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण हे आत कसं घडतं ते मी नक्की सांगू शकते. जरा लांब होईल.

लांबीचं आधी. मोठ्या माणसात आतडं फारसं लांब होत नाही. थोडं रुंद होतं आणि मुख्य म्हणजे त्याचं अस्तर जाड होतं. आतून बघितलं तर लहान आतडं मखमलीसारखं दिसतं, लाखो बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात, एकेक जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर उंच. त्यांच्या बुडाशी खोल खड्डे असतात, ते क्रिप्ट. क्रिप्टच्या तळाला स्टेम सेल बसलेल्या असतात, त्या सतत विभागत राहतात, नव्या पेशी वर वर सरकतात, सरकता सरकता अन्न शोषायचं काम करायला लागतात आणि तीन ते पाच दिवसांत व्हिलसच्या टोकावरून गळून पडतात. म्हणजे तुमच्या-माझ्या आतड्याचं अस्तर आठवड्याभरात जवळजवळ सगळंच नवं होतं. या स्टेम सेल नेमक्या कुठल्या ते २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबने दाखवलं, एलजीआर-५ नावाच्या खुणेवरून.

आता बाबांच्या बाबतीत आतडं कमी उरलं की उरलेल्या भागात क्रिप्ट खोल होतात, व्हिलाय उंच होतात, तेवढ्याच लांबीत शोषणारा पृष्ठभाग वाढतो. यालाच सर्जन "जुळवून घेणं" म्हणतायत. आणि हा हुकूम रक्तातून फिरतो हे उंदरांवर फार सुंदर दाखवलं गेलंय. दोन उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं आणि एकाचंच आतडं कापलं, तर ज्याला हातही लावला नाही त्या दुसऱ्याच्या आतड्यातही पेशी जोरात विभागायला लागल्या! म्हणजे रक्तातून काहीतरी जातंय हे नक्की होतं, पण काय जातंय ते सापडायला बराच काळ गेला.

धागा मिळाला तो एका पेशंटमुळे. १९७१ साली लंडनच्या डॉक्टरांनी एका बाईची केस छापली, तिच्या किडनीत हार्मोन बनवणारी गाठ होती आणि तिच्या लहान आतड्याचे व्हिलाय अवाढव्य वाढले होते. गाठ काढली आणि आतडं परत पहिल्यासारखं झालं. गाठ ग्लुकागॉनच्या (रक्तातली साखर वाढवणाऱ्या हार्मोनच्या) कुळातलं काहीतरी बनवत होती एवढं कळलं. पुढे १९९६ मध्ये टोरोंटोच्या डॅनियल ड्रकर यांच्या गटाने दाखवलं की हे काम मुख्यतः जीएलपी-२ चं. ३३ अमिनो ॲसिडचा छोटासा हार्मोन, उंदरांना टोचला की काही दिवसांत लहान आतडं जाड होतं.

हा बनतो कुठे तर आतड्याच्याच अस्तरातल्या एल पेशींमध्ये, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात त्या भरपूर असतात. आणि त्या कधी सोडतात? अन्न आलं की, विशेषतः फॅट आणि पिष्टमय पदार्थ आले की. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. शिरेतून कॅलरी मिळतात हे खरं, पण शिरेतल्या कॅलरी एल पेशींना स्पर्शच करत नाहीत, त्यांना आतड्याच्या पोकळीत अन्न लागतं. तोंडाने काहीच न देता फक्त टीपीएनवर ठेवलेल्या उंदरांचं अस्तर चांगलंच झिजतं, माणसात तितकं ठळक नाही पण दिशा तीच. म्हणून बाबांचं जुलाबातून बरंच जात असलं तरी जे अन्न आतड्याला लागून गेलं त्याने आपलं एक काम केलेलं असतं.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला फार विलक्षण वाटते. जीएलपी-२ ओळखणारा रिसेप्टर त्या स्टेम सेलवर नाहीच. तो आहे शेजारच्या मज्जातंतूंच्या पेशींवर आणि अस्तराखालच्या आधार देणाऱ्या पेशींवर. हार्मोन त्यांना सांगतो, त्या आयजीएफ-१ सारखे वाढीचे घटक तिथल्या तिथे सोडतात आणि मग क्रिप्ट कामाला लागतात. शिवाय जीएलपी-२ पेशी मरण्याचा वेगही कमी करतो, त्या भागाचा रक्तपुरवठा वाढवतो. आणि रक्तात तो जेमतेम सात मिनिटांत निम्मा होतो, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला तोडून टाकतं. म्हणून एकदाच भरपूर खाण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं खाल्लं तर हा निरोप परत परत जातो.

पॅन्टोप्राझोलचं उत्तर पण हार्मोनच आहे. जठराच्या शेवटच्या भागात 'जी' (G) नावाच्या पेशी असतात, त्या गॅस्ट्रिन नावाचा हार्मोन सोडतात आणि गॅस्ट्रिन ॲसिड वाढवतो. आतड्यातून याला लगाम घालणारे हार्मोन येत असतात. बाबांचं इतकं आतडं गेल्यावर तो लगाम पण गेला, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने गॅस्ट्रिन चढलेला असतो आणि ॲसिड फार तयार होतं. ते ॲसिड खाली उतरलं की स्वादुपिंडाची एन्झाइम्स, खास करून फॅट पचवणारं लायपेज, निकामी होतात आणि जुलाब अजून वाढतात. बाबांना पूर्वी ॲसिडिटी होती की नव्हती याच्याशी त्याचा संबंध नाही.

मंजिरी_आहार

वरचं वाचून बरं वाटलं, कारण वॉर्डात नातेवाईकांना हे पटवता पटवता आम्ही थकून जातो. मी आहारतज्ज्ञ आहे, अशा पेशंटबरोबर काम करते.

चाफा, "खाल्लं की लगेच जातं" म्हणून घरचे खाणं बंद करतात, ते करू नका. फक्त काय आणि कसं ते बदला. दर दोन तासांनी थोडंसं, मऊ भात, पातळ वरण, उकडलेला बटाटा, अंडं, इडली असं. पाणी जेवणाबरोबर घटाघट देऊ नका, दोन खाण्यांच्या मधे घोटघोट ओआरएस द्या. सरबत, पॅकचा ज्यूस, शहाळं भरपूर, ग्लुकोजचं पाणी हे प्रेमाने आणून पाजतात लोक आणि त्याने जुलाब दुप्पट होतात, कारण गोड पाणी आतड्यात अजून पाणी ओढून घेतं. डायबेटिस आहे म्हणून तर आणखीच नको.

आणि नीट चावून खायला सांगा, बाबांचे दात व्यवस्थित असतील तर. लाळेत ईजीएफ नावाचा वाढीचा घटक असतो, तो अस्तराला मदत करतो. नळीने देण्यापेक्षा तोंडाने खाण्याचा हा एक जास्तीचा फायदा.

मोठं आतडं जोडलेलं आहे का ते सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे. जोडलेलं असेल तर पालक, शेंगदाणे, तीळ, कडक चहा कमी करायला लागेल. न पचलेलं फॅट कॅल्शियमला धरून बसतं, मग ऑक्झलेट मोकळं राहून मोठ्या आतड्यातून रक्तात जातं आणि मुतखडे होतात. सोलापूरकडे जेवणात शेंगाचटणी म्हंजे रोजचीच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

वेळणेश्वर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण याच धाग्यात विचारतो कारण गॅस्ट्रिनचा विषय निघालाय. मी गेली कित्येक वर्षं सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेतोय, कधी डॉक्टरांनी सांगून, कधी आपलं मेडिकलमधून आणून. आता एंडोस्कोपी झाली त्यात जठराच्या वरच्या भागात बारीक बारीक पॉलिप दिसले. डॉक्टर म्हणाले गोळीमुळे असतात, घाबरू नका. पण गोळी ॲसिड कमी करते ना, ती पेशी का वाढवेल? आणि बंद केली की दोनच दिवसांत छातीत अशी आग पेटते की परत सुरू करतो. हे गॅस्ट्रिनचंच आहे का?

आंतरस्राव

वेळणेश्वर, तुमची आग बऱ्याच अंशी गॅस्ट्रिनची, पॉलिपचं थोडं वेगळं आहे ते खाली सांगते.

गॅस्ट्रिनला दोन कामं आहेत आणि लोकांना एकच माहीत असतं. एक ॲसिड सोडायला लावणं. दुसरं, जठराच्या मुख्य भागाचं अस्तर वाढवणं. १९०५ साली एडकिन्सने याची कल्पना मांडली तेव्हा फार कोणी विश्वास ठेवला नाही, ॲसिड हिस्टामिनमुळेच येतं असं लोक म्हणत राहिले. १९६४ मध्ये लिव्हरपूलला ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून तो शुद्ध करून वेगळा काढला तेव्हा वाद मिटला. त्यानंतरच्या काळात लक्षात आलं की जठराचा गॅस्ट्रिन बनवणारा शेवटचा भाग कापून टाकला की वरचं ॲसिड बनवणारं अस्तर हळूहळू पातळ होतं, आणि उंदराला गॅस्ट्रिन दिला की ते परत भरतं. म्हणजे तो त्या अस्तराचा पोषणकर्ता हार्मोन आहे.

उलट टोकाचं उदाहरण झोलिंजर-एलिसन सिंड्रोम. १९५५ मध्ये या दोन अमेरिकन सर्जननी असे पेशंट वर्णन केले ज्यांना स्वादुपिंडात गाठ होती आणि अल्सर कशानेच बरे होत नव्हते. पुढे कळलं की गाठ सतत गॅस्ट्रिन ओतत असते. अशा पेशंटच्या जठराच्या घड्या नुसत्या डोळ्यांनी जाडजूड दिसतात, ॲसिड बनवणाऱ्या पेशींची संख्याच वाढलेली असते.

आता तुमची गोळी. जठरात ॲसिड भरपूर असलं की तिथल्या डी पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि तो जी पेशींना सांगतो की बस्स, गॅस्ट्रिन आता थांबव. पॅन्टोप्राझोलने ॲसिडच नाहीसं केलं की हा ब्रेक सुटतो आणि गॅस्ट्रिन चढतो. ॲसिडच्या पंपावर गोळी बसलेली असल्यामुळे ॲसिड काही येत नाही, पण गॅस्ट्रिनचं दुसरं काम चालूच राहतं. तो ईसीएल नावाच्या पेशींना वाढवतो, याच पेशी हिस्टामिन सोडून ॲसिड बनवणाऱ्या पेशींना पेटवतात. मग एक दिवस तुम्ही गोळी एकदम थांबवता, पंप मोकळे होतात, मागे वाढवून ठेवलेली फौज उभीच असते आणि आधीपेक्षाही जास्त ॲसिड येतं. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये ज्यांना ॲसिडिटीचा काहीच त्रास नव्हता अशा १२० निरोगी लोकांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल (पॅन्टोप्राझोलच्याच जातीची गोळी) दिलं, अर्ध्यांना खोटी गोळी. बंद केल्यानंतर खरी गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना जळजळ वगैरे सुरू झाली, खोटी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. निरोगी माणसांना गोळीने आजाराची लक्षणं दिली, हे मी दर वर्षी वर्गात सांगते आणि मुलं गप्प होतात.

पॉलिपचं. दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्यांत जठराच्या वरच्या भागात फंडिक ग्लँड पॉलिप दिसतात, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच सांगितलंय. त्यामागे एकट्या गॅस्ट्रिनला मात्र धरता येत नाही, पंप बंद पडल्याने त्या ग्रंथींच्या आतच बदल होतात आणि त्या फुगतात. कॅन्सरची भीती जी ऐकू येते ती मूळ उंदरांवरून आली. ओमेप्राझोल आलं त्या काळात आयुष्यभर मोठा डोस दिलेल्या उंदरांना ईसीएल पेशींच्या गाठी झाल्या होत्या, म्हणून सगळेच धास्तावले होते. माणसात गोळीने ईसीएल पेशी वाढतात हे दिसतं, पण इतकी वर्षं करोडो लोकांनी घेऊनही त्या गाठींची लाट आलेली नाही. तरीही मेडिकलमधून आपलीआपण आणून वर्षानुवर्षं घ्यायची गोष्ट ही नाही. डॉक्टरांशी बोलून डोस हळूहळू उतरवा, एकदम नको. सुटल्यानंतर काही आठवडे जळजळ झाली तर ती मूळ आजार परतला असंच नसतं, चढलेला गॅस्ट्रिन उतरायला आणि वाढलेल्या पेशी कमी व्हायला वेळ लागतो. मात्र गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, काळी शी होत असेल तर वाट बघू नका. आणि रक्त पातळ करायच्या किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर संरक्षण म्हणून दिलेली असेल तर मनाने अजिबात बंद करू नका.

चाफा_सोलापूर

खूप खूप आभार, रात्री दोनदा वाचून काढलं आणि भावालाही पाठवलं. काल डिस्चार्जचा कच्चा कागद मिळाला त्यात लिहिलंय, "ट्रायट्झच्या लिगामेंटपासून ९० सेमी जेजुनम शिल्लक, इलियम पूर्ण काढलं, उजवं मोठं आतडं काढलं, जेजुनम आडव्या मोठ्या आतड्याला जोडलं." यावरून काही सांगता येईल का? एल पेशी शेवटच्या भागात असतात म्हणालात, तो भागच गेला ना मग? आणि भावाने नेटवर वाचलं की जीएलपीचं इंजेक्शन मिळतं, वजन कमी करायला घेतात तेच का? बाबा आधी डायबेटिससाठी विल्डाग्लिप्टिन घ्यायचे, ती गोळी डीपीपी-४ लाच अडवते असं पाकिटावर लिहिलंय, मग तिने जीएलपी-२ आपोआप वाढणार नाही का?

आंतरस्राव

भावाला आधी फोन करून सांगा, वजन उतरवायला देतात ते जीएलपी-१ सारखं काम करणारं औषध, सेमाग्लुटाइड वगैरे. जीएलपी-१ आणि जीएलपी-२ एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे आहेत, एकाच एल पेशीतून सुटतात, पण कामं वेगळी. जीएलपी-१ भूक मारतो, जठर सावकाश रिकामं करतो, इन्सुलिन वाढवतो. बाबांचं वजन आधीच उतरलंय, ते औषध आणि हे औषध यात गल्लत होता कामा नये, आणि पुढे कधी डायबेटिसवाल्या डॉक्टरांकडे गेलात तर आतडं कापलंय हे पहिल्या वाक्यात सांगा.

आतड्यासाठी जे आहे त्याचं नाव टेड्युग्लुटाइड. जीएलपी-२ मधलं दुसऱ्या जागेवरचं एकच अमिनो ॲसिड बदललंय, ॲलानिनच्या जागी ग्लायसिन, त्यामुळे डीपीपी-४ त्याला सहज तोडू शकत नाही. रोज एक इंजेक्शन कातडीखाली. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मंजूर झालं. मुख्य चाचणीत शिरेतलं पोषण निदान २० टक्के कमी करता आलं असे पेशंट ६३ टक्के निघाले, खोट्या इंजेक्शनवाल्यांत ३० टक्के. फायदा खरा आहे, पण तिथे ते आलं तेव्हा वर्षाचा खर्च तीन लाख डॉलरच्या आसपास होता. शिवाय पेशी वाढवणारं औषध असल्यामुळे आधी कोलोनोस्कोपी करून पॉलिप आहेत का बघतात आणि आतड्याचा कॅन्सर असेल तर देत नाहीत. आणि सहसा हे औषध शरीराला स्वतःहून जुळवून घ्यायला वेळ दिल्यानंतरच काढतात, आत्ता बाबांसाठी तो विषय नाही.

विल्डाग्लिप्टिनचा तुमचा तर्क बरोबर आहे, अभ्यासकांनाही तो सुचला होता. पण गोळी फार तर शरीरात जेवढा जीएलपी-२ बनतो तेवढाच थोडा जास्त टिकवते, इंजेक्शनइतका मोठा डोस त्यातून मिळत नाही, आणि शॉर्ट बॉवेलसाठीचा, म्हणजे लहान आतडं फार कमी उरलेल्यांसाठीचा, उपचार म्हणून ती रूढ नाही. गोळी परत सुरू करायची की इन्सुलिनवर ठेवायचं ते साखर आणि शोषण बघून डॉक्टर ठरवतील.

आता कागदाचं. ट्रायट्झच्या लिगामेंटपाशी जेजुनम सुरू होतो, तो लहान आतड्याचा मधला भाग, आणि इलियम म्हणजे शेवटचा. इलियम जाणं हे नुकसानच, कारण जुळवून घेण्यात इलियम जेजुनमपेक्षा सरस असतो. पण मोठ्या आतड्याचा उरलेला भाग जोडलेला आहे ही फार मोठी जमेची बाजू, तिथेही एल पेशी भरपूर आहेत. ज्यांचं मोठं आतडं शाबूत आणि जोडलेलं असतं त्यांच्या रक्तात जीएलपी-२ उपाशीपोटीसुद्धा नेहमीपेक्षा जास्त सापडतो, आणि ज्यांचा जेजुनम थेट पोटावर पिशवीत काढलेला असतो त्यांच्यात जेवणानंतरही तो नीट चढत नाही. फ्रान्समधल्या पेशंटच्या अभ्यासातून जो अंदाज वापरतात त्यात जेजुनम मोठ्या आतड्याला जोडलेला असेल तर साधारण ६५ सेमीच्या खाली कायम टीपीएन लागायची शक्यता जास्त, पिशवी असेल तर तीच रेषा १०० सेमीला. बाबांचे ९० आहेत. यावरून कोणी शब्द देऊ शकत नाही, पण आशा ठेवायला जागा नक्की आहे. बरीचशी सुधारणा पहिल्या एक-दोन वर्षांत होते, त्यामुळे दर आठवड्याला फरक शोधू नका.

डॉक्टरांना रक्तातल्या सिट्रुलिनबद्दल विचारून बघा. हे अमिनो ॲसिड मुख्यतः लहान आतड्याच्या पेशीच बनवतात, त्यामुळे काम करणारं अस्तर किती आहे याचा त्यावरून अंदाज येतो, थोड्या थोड्या महिन्यांनी केलं की चढतंय का दिसतं. किडनी नीट चालत नसेल तर आकडा फसवा येतो.

मंजिरी_आहार

एकच भर. इलियम पूर्ण गेलाय म्हणजे बी-१२ तोंडाने शोषलं जाणार नाही, गोळी देऊन उपयोग नाही, इंजेक्शन आयुष्यभर लागेल. डिस्चार्जच्या पक्क्या कागदावर ते आहे का बघा, नसेल तर घरी जायच्या आधी लिहून घ्या. आणि मोठं आतडं जोडलेलं असल्यामुळे भात, बटाटा, पोळी यातलं जे वर पचत नाही ते खाली जंतू आंबवतात आणि त्यातून शरीराला कॅलरी मिळतात, म्हणून तेल-तूप जरा आवरून भातपोळीवर भर. साखरेसाठी इन्सुलिनचा डोस जुळवता येतो, भात तोडू नका. टीपीएनची लाइन घरी घेऊन जाणार असाल तर ती हाताळायला दोघांनी तरी शिकून घ्या, ताप आणि थंडी वाजून आली तर पॅरासिटामॉल देऊन थांबू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

चाफा_सोलापूर

बी-१२ कागदावर नव्हतं. आजच रेसिडेंट डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी लिहून दिलं. सिट्रुलिनचं बाहेरच्या लॅबला पाठवावं लागेल म्हणाले, सोमवारी सॅम्पल घेतील. बाबांनी आज चार वेळा मऊ भात खाल्ला, सावकाश चावून.